लॅपटॉप घेताय? प्रोसेसर राहू दे, आधी हिंज बघा

बारावीचा निकाल लागला, सीईटीचे मार्क आले की मला फोन सुरू होतात. मावशी, आत्या, सोसायटीतल्या काकू, ऑफिसातले, सगळ्यांचा प्रश्न तोच, "पोरीला लॅपटॉप घ्यायचाय गं, आय फाइव्ह घेऊ का आय सेव्हन?" मी विचारते किती वर्षं वापरायचाय, तर म्हणतात चार वर्षं तरी, इंजिनीअरिंग संपेपर्यंत चालला पाहिजे. चार वर्षं चालवायचाय ना, मग प्रोसेसरचं नंतर बघू. प्रोसेसर सहसा मरत नाही. मी अंधेरीला एका कंपनीत लॅपटॉपचंच काम बघते, नवीन आले की सेट करून लोकांना द्यायचे, बिघडले की परत घ्यायचे, वॉरंटीत असतील तर कॉल लॉग करायचा आणि वॉरंटी संपली असेल तर लॅमिंग्टन रोड, म्हणजे मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, गाठायचा, आणि आजवर माझ्या टेबलावर जे आजारी लॅपटॉप आले त्यात प्रोसेसर गेलाय म्हणून आलेला जवळजवळ नाहीच. येतात ते हिंज (स्क्रीन आणि खालची बॉडी जोडणारं बिजागर) तुटलेले, चार्जिंग पोर्ट ढिला झालेले, बॅटरी फुगलेले, कीबोर्डची बटणं गेलेले, स्क्रीनवर उभ्या रेघा आलेले. आणि यातली एकही गोष्ट दुकानातल्या त्या स्पेसिफिकेशनच्या कार्डावर लिहिलेली नसते, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवतेय, पुढच्या वेळी फोन आला की लिंकच पाठवेन.

हिंजपासून सुरू करते कारण स्वस्त लॅपटॉप सगळ्यात जास्त तिथेच मरतात. लॅमिंग्टन रोडला ज्यांच्याकडे मी काम देते त्या रिपेअरवाल्या दादांनी एकदा एका लॅपटॉपचं वरचं कव्हर उघडून माझ्यासमोर दिव्याखाली धरलं, म्हणाले, "ताई, हिंज कुठे तुटलंय सांगा बघू." हिंज तर धडधाकट होतं, स्टीलचं, स्क्रूसकट. तुटलं होतं ते त्याच्या खालचं प्लास्टिक. म्हणजे आत काय असतं, की प्लास्टिकच्या कव्हरमध्ये छोटे छोटे गोल खांब काढलेले असतात आणि त्या प्रत्येक खांबात पितळेचा एक नट गरम करून बसवलेला असतो, बाहेरून खाचा असलेला, मुगाच्या दाण्याएवढा. हिंजचे स्क्रू त्या नटात जातात. त्या लॅपटॉपमधले ते पितळेचे नट आजूबाजूचं प्लास्टिक घेऊन उपटून आले होते आणि आत सुटे खुळखुळत होते. आणि ते उपटतात का, तर हिंज कालांतराने जड होतं, आतलं ग्रीस सुकतं, आपल्या हवेत थोडा गंज धरतो, मग स्क्रीन उघडताना जो जोर हिंज फिरवण्यात जायला हवा तो सगळा त्या चार प्लास्टिकच्या खांबांवर येतो. पावसाळ्यात दार फुगलं की आपण जोर लावून ओढतो आणि शेवटी चौकटीतला स्क्रू निघून येतो ना, अगदी तसंच. त्यात आपण लोक स्क्रीन नेहमी एका कोपऱ्याला धरून उघडतो, म्हणजे सगळा ताण एकाच बाजूच्या हिंजवर. मधे धरून उघडायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा, फुकट आहे आणि खरंच फरक पडतो.

आता दुकानात उभं राहून आतले खांब कसे दिसणार? दिसत नाहीत, पण त्यांचं काम दिसतं. स्क्रीन अगदी हळू उघडा आणि नजर स्क्रीनवर न ठेवता हिंज जिथे बॉडीत शिरतं त्या कोपऱ्यावर ठेवा. तिथलं प्लास्टिक उचललं जातंय का, फट उघडतेय का, करकर आवाज येतोय का. हिंज जड आणि बॉडी हलकी लवचिक प्लास्टिकची, हे सगळ्यात वाईट जोडपं. हिंज थोडं सैल असलं, टेबलावर टाइप करताना स्क्रीन जराशी हलली तरी मला ते चालतं, जड हिंजपेक्षा ते बरं. काही कंपन्या हिंज किती वेळा उघडबंद करून टेस्ट केलंय तो आकडा देतात, २० हजार, ३० हजार वगैरे, तो असेल तर बघा. दिवसाला १० वेळा उघडलं तर वर्षाला ३,६५० होतात, म्हणजे २० हजार म्हटलं की साधारण साडेपाच वर्षं. पण ही टेस्ट मशीन करतं, दोन्ही बाजूंनी सारखा जोर लावून, घरात तसं कोण उघडतं.

आणि एक गोष्ट कुणी करत नाही पण मला सगळ्यात उपयोगी वाटते ती म्हणजे डेमो पीस बघणं. क्रोमामध्ये, विजय सेल्समध्ये जे लॅपटॉप टेबलावर मांडून ठेवलेले असतात त्यांना दिवसभर लोक हाताळत असतात, पोरं स्क्रीन मागे-पुढे करतात, बटणं बडवतात, कुणी कोपऱ्याला धरून उचलतं. म्हणजे काही महिन्यांत त्या पीसचा घरातल्यापेक्षा जास्त वापर होऊन गेलेला असतो. तुम्हाला हवं ते मॉडेल डेमोला असेल तर सीलबंद डबा मागायच्या आधी त्याच्याकडे नीट बघा. हिंज ढिलं पडलंय का, स्पेसबार एका बाजूला बसलाय का, बटणांवरची अक्षरं पुसट झालीत का, कडेचा पेंट उडालाय का, यूएसबीमध्ये पेनड्राइव्ह घातला तर हलतोय का. सेल्समन घाई करतो, करू दे. मग लॅपटॉप पुढच्या एका कोपऱ्याला धरून एका हाताने उचला, वाकतोय का बघा. कीबोर्डच्या मधोमध, जी-एचच्या आसपास अंगठ्याने दाबा, थोडं सगळेच दबतात पण खड्डा पडल्यासारखा पडत असेल तर समजा की खाली आधार नाहीये आणि तो दाब थेट मदरबोर्डपर्यंत पोचणार. सेल्समनला विचारून, स्क्रीन चालू असताना झाकणाच्या पाठीला तळहाताने अगदी हलका दाब द्या आणि समोरून बघा, दाबल्या जागी रंग फाटून डाग उमटत असेल तर पाठीचा पत्रा किंवा प्लास्टिक पातळ आहे.

हा शेवटचा मुद्दा मुंबईत राहणाऱ्यांनी अजिबात सोडू नये. परदेशातले रिव्ह्यू वाचले की ते लॅपटॉप घरातून गाडीत आणि गाडीतून ऑफिसात नेतात. आपला लॅपटॉप विरार फास्टमध्ये जातो. सकाळची गर्दी, बॅग पुढे छातीशी, मागून दहा जणींचा रेटा, पुढे कुणाचं कोपर, आणि बॅगेत लॅपटॉपच्या बरोब्बर पाठीला चिकटून स्टीलचा डबा. तिथे तो लॅपटॉप पडत नाही, चेपला जातो, आणि चेपणं हे पडण्यापेक्षा वेगळं असतं. झाकण आत दबतं, स्क्रीन कीबोर्डवर टेकते, आधी स्क्रीनवर बटणांचे चौकोनी ठसे उमटतात, मग एक दिवस पांढरा ठिपका दिसतो आणि त्यानंतर पॅनल बदलायचं बिल. आमच्याकडे वसई-विरार, कल्याण-डोंबिवलीवरून येणाऱ्यांचे पॅनल जास्त जातात हे मी खात्रीने सांगते. रोज लोकल करणाऱ्यांनी अगदी पातळ, कडेपर्यंत काच असलेला लॅपटॉप घ्यायच्या आधी दोनदा विचार करावा, आणि डबा वेगळ्या पिशवीत ठेवावा.

"मेटल बॉडी आहे मॅडम" हे वाक्य दुकानात हमखास ऐकायला मिळतं. बऱ्याचदा मेटल फक्त झाकणाला असतं, खालचा सगळा भाग प्लास्टिकच, वरून त्याच रंगाचा. नखाने टिचकी मारली की आवाजात कळतं आणि हाताला गारवाही लागतो. आणि मेटल म्हणजे मजबूत असंही नाही, पातळ अ‍ॅल्युमिनियम एकदा वाकलं की वाकलंच, कोपऱ्यावर पडलं तर पोचा येतो आणि त्या पोच्याने झाकण नीट बंद होत नाही. चांगलं जाड पॉलिकार्बोनेट किंवा आत मॅग्नेशियम अलॉयची फ्रेम असलेला प्लास्टिकचा लॅपटॉप दिसायला साधा असतो पण दबून परत सरळ होतो. माझ्या हातात जे जुने लॅपटॉप अजून चालतात त्यातले बरेचसे असे काळे, कंटाळवाणे, प्लास्टिकचेच आहेत.

मेटल बॉडीवरून आठवलं, गिरगाव, लालबाग, परळच्या जुन्या चाळीत किंवा जुन्या बिल्डिंगमध्ये राहणाऱ्या कितीतरी जणांनी मला विचारलंय की चार्जिंगला लावल्यावर लॅपटॉपला हात लागला की मुंग्या आल्यासारखं होतं, लॅपटॉप खराब आहे का. बहुतेक वेळा लॅपटॉप ठीक असतो. अ‍ॅडॉप्टरच्या आत आवाज गाळायला, म्हणजे इलेक्ट्रिकल नॉइज, कपॅसिटर असतात आणि त्यांच्यातून अगदी थोडा करंट बॉडीवर येतो, तो अर्थिंगमधून निघून जायला हवा. अ‍ॅडॉप्टर दोन पिनचा असेल किंवा सॉकेटला तीन भोकं आहेत पण मागे अर्थिंगची वायरच नाहीये, तर तो जाणार कुठे, तुमच्या हाताला जाणवतो. तीन पिनचं अ‍ॅडॉप्टर वापरा, इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, आणि लॅपटॉपबरोबर जुन्या बाजारातलं दोनशे रुपयांचं अ‍ॅडॉप्टर कधीही लावू नका, बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) मार्क आणि रजिस्ट्रेशन नंबर असलेलंच घ्या. झटका जोरात बसत असेल तर मात्र ताबडतोब बंद करा, तो वेगळा प्रकार आहे.

मग पुढचा प्रश्न, "कुठला ब्रँड चांगला?" हा प्रश्नच मला पटत नाही. २००९ साली स्क्वेअरट्रेड नावाच्या वॉरंटी विकणाऱ्या अमेरिकन कंपनीने ३० हजार लॅपटॉपचा हिशोब मांडला होता, तीन वर्षांत ३१ टक्के लॅपटॉप कधी ना कधी बिघडले, त्यातला एक तृतीयांश वाटा पडणं-सांडणं याचा आणि बाकी सगळा मशीनचा स्वतःचा दोष. जुनी गोष्ट आहे, ब्रँडचा क्रम त्यातून आज शोधू नका, पण त्यात स्वस्त नेटबुक, म्हणजे तेव्हाचे छोटे लॅपटॉप, महागड्या लॅपटॉपपेक्षा जास्त बिघडले होते, म्हणजे नावापेक्षा कुठल्या दर्जाचं मशीन आहे त्याला महत्त्व. एकच कंपनी चाळीस हजारांचंही बनवते आणि दीड लाखाचंही, दोघांच्या आतलं हाडच वेगळं असतं. लेनोवोचा आयडियापॅड आणि थिंकपॅड, त्यातही थिंकपॅड ई आणि थिंकपॅड टी, एचपीचा पॅव्हिलियन आणि एलिटबुक, डेलचा इन्स्पिरॉन आणि लॅटिट्यूड (२०२५ पासून डेलने नावं बदलून नुसतं डेल, डेल प्रो, डेल प्रो मॅक्स असं केलंय, त्यामुळे आता दुकानात अजून गोंधळ). हे एका घरातले असले तरी वेगवेगळ्या लोकांसाठी बनवलेले आहेत. ऑफिसवाले हजार-हजार लॅपटॉप एकदम घेतात, तीन वर्षांच्या ऑनसाइट वॉरंटीसकट, म्हणजे बिघडला की कंपनीला स्वतःच्या खर्चाने माणूस पाठवावा लागतो. त्यामुळे तो पटकन उघडला पाहिजे, पार्ट वेगवेगळा निघाला पाहिजे, हिंज टिकलं पाहिजे, यात कंपनीचाच फायदा असतो. घरगुती मॉडेलला एक वर्षाची वॉरंटी, त्यापुढे जे होईल ते तुमच्या खिशातून. हा एवढा फरक डोक्यात ठेवला तरी अर्धं काम झालं.

आणि महाग म्हणजे टिकाऊ असंही डोळे झाकून धरू नका. अ‍ॅपलने २०१५ च्या १२ इंची मॅकबुकमध्ये ते पातळ बटरफ्लाय कीबोर्ड आणले, धुळीचा कण गेला तरी बटण अडकायचं किंवा एकच अक्षर दोनदा उमटायचं, २०१८ मध्ये फुकट दुरुस्तीचा कार्यक्रम जाहीर करावा लागला, २०१९ च्या शेवटी १६ इंची मॉडेलपासून जुन्या पद्धतीचा कीबोर्ड परत आणला आणि २०२२ मध्ये अमेरिकेत ५ कोटी डॉलरची तडजोड झाली. त्याच्याही आधी २००८ मध्ये एनव्हिडियाच्या लॅपटॉप ग्राफिक चिप गरम-गार होऊन होऊन आतून सुटायला लागल्या होत्या, एनव्हिडियाने त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले, आणि तिथे तर डेल असो एचपी असो, चिप तीच असल्यामुळे वेगवेगळ्या ब्रँडचे लॅपटॉप एकाच दुखण्याने गेले. म्हणून मी नवीन डिझाइनचं पहिलं वर्ष टाळते. तोच साचा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी थोड्या सुधारणेसह येतो तो घ्यावा, आणि तोवर पहिल्या वर्षीच्या मॉडेलवर लोकांनी काय लिहिलंय तेही वाचायला मिळतं. शॉपिंग साइटवर रिव्ह्यू वाचताना "मस्त आहे, डिलिव्हरी लवकर आली" हे सगळं सोडा, मागच्या पिढीच्या मॉडेलचे एक-दोन स्टारवाले वाचा आणि तेही वर्षभर वापरून लिहिलेले. एकाच तक्रारीचं नाव परत परत येतंय का बघा, राइट हिंज, राइट हिंज, राइट हिंज, असं दिसलं की पुढे जा.

मिलिटरी ग्रेडच्या स्टिकरबद्दल थोडक्यात. ८१० नावाचं अमेरिकन संरक्षण खात्याचं स्टँडर्ड आहे, सध्या चालणारी एच आवृत्ती २०१९ मध्ये आली, त्यात उंची, तापमान, दमटपणा, धूळ, कंपन, आदळणं अशा बऱ्याच टेस्टच्या पद्धती आहेत. पण कुठल्या टेस्ट करायच्या ते लॅपटॉप कंपनीच ठरवते, आणि संरक्षण खातं कुणाला सर्टिफिकेट वगैरे देत नाही. त्यामुळे नुसतं "मिलिटरी ग्रेड" लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ फार थोडा, कंपनीने कुठल्या कुठल्या टेस्ट केल्या याची यादी दिली असेल तर जरा जास्त विश्वास ठेवा.

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट, सर्व्हिस मॅन्युअल. मोठ्या कंपन्या बऱ्याच मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल स्वतःच्या वेबसाइटवर फुकट ठेवतात, एचपी त्याला मेंटेनन्स अँड सर्व्हिस गाइड म्हणते, लेनोवो हार्डवेअर मेंटेनन्स मॅन्युअल म्हणते, डेलचंही असतं. मॉडेलचं नाव टाकून शोधा, लॅपटॉप विकत घ्यायच्या आधी. घाबरू नका, त्यात चित्रं असतात, कुठला पार्ट काढायला आधी काय काय काढावं लागतं ते पायरी-पायरीने दिलेलं असतं, आणि ते वाचायला इंजिनीअर असावं लागत नाही. मी पाच-सहा गोष्टी बघते. बॅटरी काढायला किती पायऱ्या लागतात, खालचं कव्हर काढून चार स्क्रू की झालं, की निम्मा लॅपटॉप सोडवावा लागतो. कीबोर्ड सुटा मिळतो का वरच्या कव्हरला प्लास्टिक वितळवून चिकटवलेला आहे, कारण चिकटवलेला असेल तर एक बटण गेलं तरी अख्खं कव्हर घ्यावं लागतं, आणि तेच कव्हर ज्यात हिंजचे ते पितळी नट असतात. रॅमचा स्लॉट आहे का सगळी बोर्डावर सोल्डर केलीय. एसएसडी, म्हणजे फाइल साठवणारी डिस्क, बदलता येतो का. फॅन सुटा निघतो का. आणि चार्जिंग पोर्ट कुठे आहे.

या चार्जिंग पोर्टवर जरा थांबते. पूर्वीची ती गोल पिन असायची ना, तिचा जॅक बऱ्याच लॅपटॉपमध्ये एका छोट्या केबलला असतो, खराब झाला की केबल बदलली, काम झालं. आता टाइप सी आलंय, सोयीचं आहे, मला आवडतं, पण कितीतरी मॉडेलमध्ये ते पोर्ट थेट मदरबोर्डावर सोल्डर केलेलं असतं. रोज काढघाल, त्यात चार्जर लावून लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायची सवय, वायर वाकते, पोर्ट ढिलं होतं, आणि सर्व्हिस सेंटरला गेलात की ते पोर्ट बदलत नाहीत, मदरबोर्डाचं कोटेशन देतात. लॅमिंग्टन रोडला चिप लेव्हलवाले, म्हणजे बोर्डावरचा एकेक छोटा भाग दुरुस्त करणारे, पोर्ट बदलून देतात, चांगलं काम करतात, पण वॉरंटीतला लॅपटॉप तिथे नेता येत नाही. म्हणून किमान दोन टाइप सी पोर्ट असावेत आणि दोन्हीवर चार्जिंग होत असावं, जमल्यास एक डावीकडे एक उजवीकडे, म्हणजे एक गेलं तरी लॅपटॉप बंद पडत नाही. हे स्पेसिफिकेशनमध्ये मिळतं, फक्त शोधावं लागतं. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्ती किती सोपी याचे १० पैकी मार्क छापावे लागतात, मॅन्युअल मिळतं का, उघडणं सोपं आहे का, पार्ट किती वर्षं मिळतात आणि किती महाग, यावर. आपल्याकडचं मॉडेल तिथे त्याच नावाने विकत असतील तर तो आकडा शोधून बघायला हरकत नाही. आपल्याकडे ग्राहक मंत्रालयाने २०२२ च्या डिसेंबरात राइट टू रिपेअरचं पोर्टल सुरू केलंय, तिथेही कंपनीची दुरुस्तीची माहिती, वॉरंटी वगैरे एकत्र बघता येते.

आपली हवा. समुद्राजवळ राहणाऱ्यांना, वर्सोवा, वरळी, कुलाबा, हे वेगळं सांगायला नको, खिडकीच्या ग्रिलला जे होतं तेच पोर्टच्या आतल्या पिनांना हळूहळू होतं. पावसाळ्यात लॅपटॉप महिना-महिना कपाटात बंद ठेवू नका, वापरत राहिलात तर स्वतःच्या उष्णतेने आत कोरडा राहतो. एसीत गार झालेला लॅपटॉप जुलैच्या दमट हवेत एकदम बाहेर काढला की थंड मेटलवर पाणी धरतं, त्याला बॅगेतच थोडा वेळ राहू द्या. भिजलाच तर बंद करा, चार्जर लावू नका, चालू होतोय का म्हणून बघू नका, तांदळात तर अजिबात ठेवू नका, थेट उघडून देणाऱ्याकडे न्या, जितका उशीर तितकं आत हिरवं-पांढरं जमत जातं. आणि धूळ, आता तर गल्लोगल्ली रीडेव्हलपमेंट चालू आहे, वर्षातून एकदा फॅन साफ करून घ्यावाच लागतो, म्हणून मी मॅन्युअलमध्ये फॅन बघते.

वॉरंटीचं मात्र बारकाईने वाचा. माझ्या भाचीच्या लॅपटॉपचं हिंज वॉरंटी चालू असताना गेलं, पडला नव्हता, आदळला नव्हता, आणि सर्व्हिस सेंटरने बघितल्या बघितल्या "फिजिकल डॅमेज" लिहून कव्हरचं बिल पुढे केलं. मला त्याचा अजूनही राग आहे, कारण प्लास्टिकमधून नट उपटणं हा बनावटीचाच दोष आहे आणि त्यात त्या पोरीची काहीच चूक नव्हती. लेखी मागितलं, फोटो काढले, मेलवर भांडलो, ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार टाकली, तेव्हा कुठे बदलून मिळालं. त्यामुळे लॅपटॉप सर्व्हिसला देताना चारही कोपऱ्यांचे, हिंजचे, तळाचे फोटो काढूनच द्या आणि जॉबशीटवर त्यांनी काय लिहिलंय ते सही करायच्या आधी वाचा. घेतानाच ऑनसाइट आहे का कॅरी-इन ते विचारा, बदलापूरवरून सर्व्हिस सेंटरला दोन चकरा म्हणजे दोन सुट्ट्या जातात. बॅटरीची वॉरंटी लॅपटॉपला तीन वर्षं असली तरी बऱ्याचदा एकच वर्ष असते. कॉलेजला लोकलने जाणाऱ्या मुलांसाठी मी अ‍ॅक्सिडेंटल डॅमेजचं कव्हर, म्हणजे पडणं-सांडणं धरणारी जादा वॉरंटी, घ्याच म्हणते, ते लॅपटॉप घेतल्यावर ठराविक दिवसांतच घेता येतं, नंतर देत नाहीत.

बजेट कमी असेल तर नवीन कामचलाऊ लॅपटॉपपेक्षा मी रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेलं पण नीट करून परत विकलेलं, बिझनेस मॉडेल सुचवते, आणि हे ऐकून लोक नाक मुरडतात. तीन-चार वर्षं एखाद्या बँकेत टेबलावर बसलेला थिंकपॅड किंवा लॅटिट्यूड त्या पैशात मिळणाऱ्या नव्यापेक्षा पुढे जास्त टिकतो, हे मी रोज बघते. उदाहरणार्थ २०१८ चा थिंकपॅड टी ४८०, दोन रॅम स्लॉट, एक बॅटरी बाहेरून हाताने निघते, कीबोर्ड सुटा मिळतो. इंटेलच्या आठव्या पिढीचा प्रोसेसर असेल तर विंडोज ११ अधिकृतपणे चालतं, सातव्या पिढीवर तसं नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे कुणी त्याहून जुना गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. टी ४८० ला एक जुनं दुखणं होतं, थंडरबोल्टच्या फर्मवेअरमुळे (पोर्ट चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) टाइप सी पोर्ट कायमचं खराब व्हायचं, लेनोवोने त्याचा अपडेट काढलाय, घेतल्या घेतल्या तो टाका. दुकानात बसूनच बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधीचं सेटिंगचं पान) जाऊन बघा पासवर्ड मागतोय का, मागत असेल तर तो जुन्या कंपनीने लावलेला आहे आणि काढणं कठीण असतं, उठून या. विंडोजमधून बॅटरी रिपोर्ट काढा, मूळ क्षमता आणि आताची क्षमता दोन्ही त्यात दिसतात, अर्ध्यावर आली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे भावात कमी करून घ्या. दोन्ही टाइप सी पोर्टवर चार्जर लावून बघा, वायर हलवून बघा.

नवीन घ्या नाहीतर रिफर्बिश्ड, दुकानातून निघायच्या आधी डब्यावरचा सिरियल नंबर आणि लॅपटॉपच्या तळाचा नंबर एकच आहे का बघा आणि तो नंबर तिथेच मोबाइलवर कंपनीच्या वॉरंटीच्या पानावर टाका. पुष्कळ वेळा वॉरंटी फॅक्टरीतून माल निघाल्या तारखेपासून किंवा दुकानात आल्यापासून सुरू झालेली दिसते, म्हणजे डबा गोडाऊनमध्ये पडून होता तेवढे महिने तुमचे गेले. बिल अपलोड केलं की कंपन्या तारीख दुरुस्त करून देतात, पण त्यासाठी बिलावर सिरियल नंबर छापलेला लागतो, जीएसटीसकट, तेव्हा नुसती मॉडेलची ओळ असलेलं बिल घेऊन येऊ नका, काउंटरवरच नंबर घालून दुसरं छापून घ्या.